कळ दाबणाऱ्या हाताला शिक्षण का नको?

दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी जी मुलगी उभी असते तिचे नाव रुग्णाला बहुधा ठाऊक नसते. ती पेला भरते, हत्यारे उकळते, दूरध्वनी घेते, केसपेपर शोधते, फी मोजून घेते आणि दिवसातून चार-सहा वेळा दाताचा एक्स-रेही काढते. तिला हे कोणी शिकविले, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बहुतेक ठिकाणी एकच मिळेल : आधीच्या मुलीने. आणि त्या आधीच्या मुलीला? तिच्या आधीच्या मुलीने. अशा रीतीने कानोकानी चालत आलेल्या विद्येच्या बळावर एक असे यंत्र चालविले जाते की, ज्याच्या वापराबाबत देशात स्वतंत्र नियमावली आहे, परवाना लागतो आणि देखरेखीसाठी मुंबईत अणुऊर्जा नियामक मंडळ नावाची संस्था १९८३ पासून उभी आहे.

याविषयी तक्रार केली की व्यवसायातील प्रतिष्ठित मंडळी हसून म्हणतात, "अहो, कळ तर दाबायची आहे. त्याला कसले आले आहे शिक्षण?" हे वाक्य नवे नाही. गिरणीत, खाणीत, रसायनांच्या कारखान्यात मालकवर्गाने ते वेळोवेळी उच्चारलेले आहे. मात्र दंतवैद्यकाच्या क्षेत्रात ते उच्चारताना थोडी लाज वाटावयास हवी, कारण या क्षेत्राचा स्वतःचा इतिहासच त्याच्याविरुद्ध साक्ष देतो.

राँटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरणांचा शोध लावला. पुढच्या जानेवारीत जर्मनीतील वाल्खोफ या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचे पहिले छायाचित्र घेतले, त्यासाठी त्याला पंचवीस मिनिटे निश्चल राहावे लागले. त्याच वर्षी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथील एडमंड केल्स याने हे तंत्र आपल्या दवाखान्यात आणले. किरण पुरेसे प्रखर आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी त्या काळी नळीसमोर स्वतःचा हात धरण्याची पद्धत होती. केल्सने तो वर्षानुवर्षे धरला. परिणामी आधी बोटे गेली, मग हात गेला, एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या आणि १९२८ साली त्याने आपल्याच हाताने जीवन संपविले. दंतवैद्यकातील पहिली सहायक म्हणून जिची नोंद सांगितली जाते ती माल्व्हिना क्युएरिया ही तरुणीही १८८५ साली याच केल्सच्या दवाखान्यात नोकरीस लागली होती. सहायकाचा पेशा आणि दाताचा एक्स-रे, दोघांच्याही आरंभी हा एकच मनुष्य उभा आहे, आणि त्याचा अंत कसा झाला हे सहायकांना कोणी सांगत नाही.

दुसरा दाखला अधिक बोचरा आहे. थोर संशोधक म्हणून शालेय पुस्तकांत ज्याचे चित्र छापतात त्या एडिसनने क्ष-किरणांवर प्रयोग केले खरे. पण किरणांसमोर तासन् तास हात धरून बसे तो त्याचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली. डॅलीचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ साली तो मरण पावला. एडिसनने त्यानंतर क्ष-किरणांचा नाद सोडला. शोधाचे श्रेय आणि शोधाची किंमत यांची वाटणी इतक्या उघडपणे क्वचितच झाली असेल. धोक्याची सूचना मिळाली नव्हती, असेही म्हणता येत नाही. बोस्टनच्या विल्यम रॉलिन्स या दंतवैद्याने १९०१ च्या सुमारास प्राण्यांवर प्रयोग करून हे किरण प्राणघातक ठरू शकतात हे दाखविले होते आणि नळीला शिशाचे आवरण घालावे असे सुचविले होते. व्यवसायाने त्याच्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले.

येथे दुसऱ्या बाजूच्या अतिरेकालाही आवर घालणे आवश्यक आहे. आपल्या गोटातील काही उत्साही कार्यकर्ते क्ष-किरण म्हटले की अणुबाँबची भाषा बोलू लागतात. ती भाषा शास्त्राला धरून नाही आणि कामगाराच्या हिताचीही नाही. दाताच्या एका साध्या छायाचित्रातून रुग्णास मिळणारी मात्रा काही मायक्रोसीव्हर्ट इतकी अल्प असते. जमीन, आकाश, अन्न यांतून प्रत्येक माणसास निसर्गतःच वर्षाकाठी सरासरी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे दोन हजार चारशे मायक्रोसीव्हर्ट, मिळत असतात. तेव्हा गरज असताना एक्स-रे नाकारणारा रुग्ण स्वतःचे नुकसान करून घेतो. शिवाय दंतवैद्याच्या यंत्रात किरणोत्सर्गी द्रव्य मुळी नसतेच. निर्वात नळीत तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन साठ-सत्तर हजार व्होल्टच्या दाबाने टंगस्टनच्या लक्ष्यावर आदळतात. त्यांच्या ऊर्जेचा जवळजवळ नव्व्याण्णव टक्के भाग उष्णता होऊन वाया जातो व उरलेल्या अल्पांशाचे क्ष-किरण होतात. कळ सोडली की किरण थांबले. भिंतीत, खुर्चीत, रुग्णाच्या शरीरात मागे काही उरत नाही. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी येथे भंगारात आलेल्या कोबाल्टच्या स्रोतामुळे एका कामगाराचा बळी गेला. तो प्रकार आणि हे यंत्र यांतील फरक हाच आहे की कोबाल्टला बंद करण्याची कळ नसते. हा फरक सहायकाला पाच मिनिटांत समजावून देता येतो. तो न समजावल्यामुळे दोन टोके निर्माण होतात. एक मुलगी यंत्राच्या खोलीत पाऊल टाकण्यासही भिते आणि दुसरी यंत्र चालू असताना रुग्णाच्या तोंडात बोट घालून फिल्म धरते.

हे बोट घालून फिल्म धरणे हाच या प्रश्नाचा गाभा आहे, म्हणून त्याचा हिशेब सविस्तर मांडला पाहिजे. लहान मूल रडते, वृद्धाचा हात कापतो, दाढेमागे फिल्म ठरत नाही, खोळंबलेल्या रुग्णांची रांग बाहेर असते, मग डॉक्टर म्हणतात, "जरा धर ग." आणि ती धरते. यंत्राच्या तोंडाशी एका छायाचित्रास सुमारे एक मिलिग्रे इतकी मात्रा धरली, तर किरणशलाकेत थेट आलेल्या बोटाच्या त्वचेस एका खेपेला साधारण एक मिलिसीव्हर्ट मिळतो. हाताच्या त्वचेसाठी वर्षाची कमाल मर्यादा आहे पाचशे मिलिसीव्हर्ट. दिवसाला दोनच वेळा, वर्षाचे तीनशे दिवस, असे धरले तर हा आकडा सहाशेवर जातो. संथ गतीच्या जुन्या फिल्मा वापरीत असतील तर तो आणखी वाढेल. म्हणजे ज्या कामात योग्य पद्धतीने जवळजवळ शून्य धोका आहे, त्याच कामात एका चुकीच्या सवयीने कायद्याची मर्यादा ओलांडली जाते. आणि गंमत अशी की तिच्या छातीवर मात्रामापक बिल्ला लावलेला असला तरी त्याला यातले काहीच कळत नाही. तो छातीवर असतो, आणि जळते ते बोट. केल्सच्या हाताची गोष्ट सव्वाशे वर्षांनंतर पुन्हा त्याच अवयवापाशी येऊन थांबते.

यावरचा उपाय महाग आहे काय? फिल्म धरण्यासाठी प्लॅस्टिकचा धारक मिळतो. तो बसत नसेल तर रुग्णाने स्वतः, किंवा मुलाच्या पालकाने, बोटाऐवजी चिमटा वापरून फिल्म धरावी. सहायकाने व डॉक्टरने कधीही धरू नये. नळीचे डोके हलत असेल तर ते हाताने दाबून ठेवू नये, दुरुस्त करून घ्यावे. कळ दाबताना नळीपासून किमान दोन मीटर दूर आणि किरणशलाकेच्या रोखापासून बाजूला, काटकोनाच्या किंचित मागे, उभे राहावे. नाहीतर भिंतीआड जावे. अंतराचा नियम तर गणिताचा आहे : अंतर दुप्पट झाले की मात्रा चौथाई होते, सहापट झाले की छत्तिसावा हिस्सा उरतो. जगातील हे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे.

स्वस्त म्हटले खरे, पण येथे अर्थशास्त्र आडवे येते. मुंबईसारख्या शहरात दवाखान्याचा गाळा चौरस फुटांवर विकत अगर भाड्याने घेतला जातो आणि दोन मीटरचे अंतर हे त्या गाळ्यात चैनीचे ठरते. एकाच खोलीत दोन खुर्च्या, मध्ये पडदा, कोपऱ्यात यंत्र. कळीची तार लांब असती तर मुलगी दाराबाहेर जाऊ शकली असती, पण तार आखूड आणि दार रुग्णांनी भरलेले. जमिनीचा भाव सहायकाच्या अंगावरील किरणांची मात्रा ठरवितो, असे कोणी म्हटले तर ती अतिशयोक्ती वाटेल; परंतु कोठे उभे राहावयाचे हे जेव्हा भाड्याच्या दरावर अवलंबून राहते, तेव्हा दुसरे काय म्हणावे? अशा जागी शिशाच्या पत्र्याचा आडोसा हाच पर्याय उरतो, आणि त्याचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरला पाहिजे.

शिक्षण न देण्यामागेही असाच एक हिशेब असतो. चार्ल्स बॅबेजने १८३२ साली यंत्रयुगाच्या अर्थव्यवस्थेवर लिहिताना दाखवून दिले होते की कामाचे तुकडे केले की मालकाला प्रत्येक तुकड्यापुरतेच, त्या त्या दर्जाचे, स्वस्त श्रम विकत घेता येतात. हॅरी ब्रेव्हरमन याने १९७४ साली त्याच तत्त्वाचा पुढचा अर्थ उकलून सांगितला : विचार एकाकडे आणि कृती दुसऱ्याकडे अशी फाळणी होते व कृती करणाऱ्याच्या हातून त्या कृतीचे ज्ञान काढून घेतले जाते. दंतवैद्याचा वेळ महाग, म्हणून सहायक. सहायक स्वस्त राहावी, म्हणून तिला फक्त "येथे धर, तेथे दाब" एवढेच सांगायचे. का धरायचे हे कळले तर ती दुसऱ्या दवाखान्यात अधिक पगार मागेल ही भीती उघड कोणी बोलत नाही, पण वागण्यात ती दिसते.

मात्र हा हिशेब मालकाच्याही अंगलट येतो, हे मान्य केले पाहिजे. ज्या सहायकाला दाताची लांबट अक्षरेषा आणि फिल्म यांच्यातील कोन दुभागून त्या दुभाजकावर किरण लंब पाडायचे असतात हे समजलेले नाही, तिच्या छायाचित्रात दात एकदा ताणल्यासारखे लांब येतील व एकदा आखडून खुजे दिसतील. आडवा कोन चुकला की शेजारचे दात एकमेकांवर चढून बसतात आणि मधली कीड दिसतच नाही. नळी सरकली की फिल्मचा एक कोपरा कोरा राहतो. फिल्म उलटी ठेवली तर पुडीतल्या शिशाच्या पत्र्याची नक्षी चित्रावर उमटते. यातील प्रत्येक चुकीचे प्रायश्चित्त एकच : पुन्हा काढा. पहिल्या वेळच्या किरणांचा रुग्णाला काडीचा उपयोग झालेला नसतो. पूर्वी निदान फिल्म, विकासक, स्थापक यांना पैसे पडत, त्यामुळे डॉक्टर वैतागून का होईना लक्ष घालीत. आता अंकीय संवेदक आला. मात्रा घटली, हे त्याचे श्रेय. पण पुन्हा काढण्याचा सीमान्त खर्च शून्यावर आला आणि चुकीला लागलेला अखेरचा लगामही सुटला. पडद्यावर चित्र पसंत पडेतो काढीत राहा! तंत्रज्ञान शिक्षणाची जागा घेईल, असे सांगणाऱ्यांनी या साध्या गोष्टीचा विचार केलेला दिसत नाही.

"आमच्याकडे शिशाचा एप्रन आहे," हे दुसरे ठरावीक उत्तर. तो खिळ्यावर घडी घालून टांगलेला असतो, घडीवर आतला थर तडकतो, हे कोणी पाहत नाही. वास्तविक २०२४ साली अमेरिकन डेंटल असोसिएशनने तर दाताच्या छायाचित्रासाठी रुग्णाला एप्रन व गळपट्टा घालणे बंद करावे अशीच शिफारस केली. परंतु ती शिफारस एकटी आलेली नाही. छायाचित्र गरज असेल तरच काढावे, शलाका गोल नळीने न सोडता फिल्मच्या आकाराच्या आयताने बांधावी, अंकीय संवेदक वापरावा, रुग्णास नीट बसवावे, हे सारे तिच्या सोबत आहे. आयताकृती बंधनाने रुग्णाची मात्रा निम्म्याखाली आणता येते. आपल्याकडे यातील पहिले अर्धे वाक्य तेवढे ऐकले जाईल आणि एप्रनच्या खर्चाची बचत करून बाकीचे कागदावर राहील, ही शंका अनुभवाला धरून आहे. हातात धरून चालवायची लहान यंत्रेही अशीच आली. २०१२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परदेशातून थेट विकल्या जाणाऱ्या, प्रमाणित नसलेल्या अशा यंत्रांविरुद्ध इशारा दिला होता. असे यंत्र ज्याच्या हातात असते त्याला दोन मीटर दूर उभे राहण्याची सोयच नसते. तेव्हा ते प्रमाणित आहे की नाही हे धरणाऱ्या हाताला कळले पाहिजे.

आता कायद्याकडे वळू. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्य, दंतआरोग्यक आणि दंतयांत्रिक यांच्या नोंदवह्या निर्माण केल्या. खुर्चीशेजारच्या सहायकाला त्यात स्वतंत्र स्थान नव्हते. २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनी अठरा वर्षांखालील व्यक्तीला किरणांच्या कामावर लावण्यास मनाई केली, कामगाराला प्रशिक्षण देण्याची जबाबदारी मालकावर टाकली. नियामक मंडळाने प्रौढ कामगारासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला वीस मिलिसीव्हर्टची आणि कोणत्याही एका वर्षात तिसाची मर्यादा घातली. कागद उत्तम आहे. परंतु जी मुलगी दवाखान्याच्या हजेरीपटावर 'मदतनीस' म्हणूनही नाही, तिला 'किरण कामगार' म्हणून कोण मोजणार? २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत आस्थापनेची व्याख्या दहा कामगारांपासून सुरू होते. दवाखान्यात असतात दोन. हजारो दवाखाने, प्रत्येकी दोन-दोन सहायक : मिळून एक मोठा कामगारवर्ग, पण व्याख्येच्या जाळीतून सुटून गेलेला.

गर्भवती सहायकाची अवस्था याहून बिकट आहे. नियमानुसार गर्भधारणा जाहीर केल्यावर उरलेल्या काळात गर्भाला एक मिलिसीव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळता कामा नये. अंतर पाळले, आडोसा असला, तर दंतदवाखान्यात ही अट सहज पाळता येते. तिला नोकरी सोडण्याचे कारण नाही. पण अज्ञान दोन्ही बाजूंना आहे. डॉक्टर म्हणतात, "उगाच जोखीम नको, तू घरीच राहा," आणि पगार थांबतो. म्हणून ती चार-पाच महिने सांगतच नाही. ज्या महिन्यांत गर्भ सर्वांत नाजूक असतो, नेमके तेच महिने नियमाच्या संरक्षणाबाहेर जातात. येथे ज्ञान हे शब्दशः वेतनाचे संरक्षण आहे.

इतरत्र काय केले गेले? अमेरिकेत १९८१ साली केंद्राने कायदा करून क्ष-किरण वापरणाऱ्यांच्या, दंतसहायकही त्यात आले, शिक्षणाची किमान मानके ठरविली. पण अंमल राज्यांच्या मर्जीवर सोडल्याने आजही राज्याराज्यांत नियम निरनिराळे आहेत. ब्रिटनमध्ये २००८ पासून दंतपरिचारिकेला व्यावसायिक परिषदेकडे नोंदणी सक्तीची झाली आणि छायाचित्र घेण्यासाठी निराळे प्रशिक्षण आवश्यक ठरले. यापेक्षाही लक्षात घेण्याजोगी गोष्ट जुनी आहे. १९२४ साली ज्युलिएट साउथर्ड या सहायकेने अमेरिकेत सहायकांची राष्ट्रीय संघटना उभी केली, तेव्हा तिच्या ब्रीदात निष्ठा व सेवा हे शब्द होते, कार्यक्षमताही होती; पण पहिला शब्द होता शिक्षण. आपल्याकडे सहायकांकडून निष्ठा व सेवा यांची अपेक्षा मुबलक आहे.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. तालुक्याच्या गावी दवाखाना काढणारा तरुण दंतवैद्य स्वतःच खाजगी महाविद्यालयाच्या शुल्कापायी कर्जात बुडालेला असतो. त्याच्यावर आणखी एक सक्ती लादली तर तो एक्स-रे यंत्रच ठेवणार नाही आणि नुकसान गरीब रुग्णाचे होईल. आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच हा भार एकट्या डॉक्टरवर टाकून चालणार नाही. नुसत्या सक्तीचा दुसरा परिणामही ठाऊक आहे : प्रमाणपत्र विकणारी दुकाने गल्लोगल्ली निघतात, भिंतीवर चौकट लटकते, बोट फिल्मवरच राहते. शासकीय दंत महाविद्यालये जनतेच्या पैशावर चालतात, त्यांच्याकडे यंत्रे आहेत, शिक्षक आहेत, सराव करण्यासाठी दातांचे सांगाडे आहेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला काही आठवड्यांचा एक अभ्यासक्रम आखणे अवघड नाही. मात्र तो मराठीत असला पाहिजे. दहावी-बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीला सूचनाफलक इंग्रजीत, यंत्राचे पुस्तक इंग्रजीत, ही अवस्था म्हणजे माहिती दिल्याचा देखावा करून ती नाकारणे होय.

अभ्यासक्रमाच्या काळात तिचा पगार चालू राहावा आणि शिक्षणाचा खर्च यंत्र विकणाऱ्या कंपन्यांकडून, प्रत्येक यंत्रामागे ठरावीक रक्कम घेऊन, वसूल करावा. यंत्रासोबत दोन वर्षांची हमी देणाऱ्यांना ते चालविणाऱ्या एका माणसाच्या शिक्षणाची हमी देणे जड जाऊ नये. आणि तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने परवान्याची प्रत पाहून परत जाण्यापूर्वी त्या मुलीला एवढेच विचारावे : कळ दाबताना तू कोठे उभी राहतेस, आणि फिल्म कोण धरते?